मेना फोन आणि साडेदहाच्या बातम्या

मेना प्यू हे तिचं खरं नाव, पण सगळा मुलूख तिला 'मेना फोन' म्हणायचा. उत्तर वेल्समध्ये आडनावं मोजकी आणि माणसं फार, त्यामुळे माणसाला त्याच्या धंद्यावरून नाहीतर शेतावरून हाक मारायची आमच्याकडे रीत आहे. हेन्द्रे शेतावरचा इद्वल तो इद्वल हेन्द्रे, तशी फोनवर बसणारी मेना ती मेना फोन.

सियानेल ब्रिन नावाचं एक छोटं वेल्श चॅनेल तेव्हा चालू होतं. त्याचं मुख्य ऑफिस दक्षिणेला कार्डिफमध्ये, चांगलं काचेचं. प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकायची खोली मात्र इकडे कार्नारव्हनला, एका चपलांच्या दुकानाच्या वर. तक्रारी ऐकणारं माणूस साहेबांपासून पाच तासांच्या अंतरावर ठेवण्यात कोणाची तरी हुशारी असणार. त्या खोलीत मेना सकाळी साडेआठ ते चार बसायची. एक टेबल, एक फोन, रात्रीचे निरोप टेपवर घेणारं एक मशीन, एक किटली.

त्याआधी चौदा वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला होती. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "चिडलेल्या लोकांशी बोलता येईल का?"

मेना म्हणाली, "तीनशे पोरांना मी रोज उकडलेला कोबी वाढलाय."

नोकरी लागली.

ऑफिसने तिला छापील तक्ते दिले होते. प्रेक्षकाचा फोन आला की तीनपैकी एका चौकटीत खूण करायची: आवडलं, आवडलं नाही, इतर. मेना खूण करायचीच, पण शिवाय एका जाड वहीत माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं असं, की एखादा म्हातारा जर म्हणाला, 'तुमच्या सिनेमातल्या नटीपेक्षा माझी मेंढी बरी रडते,' तर 'आवडलं नाही' या चौकटीत ती मेंढी मावत नाही.

दोन हजार सात सालच्या सप्टेंबरात चॅनेलने रात्री साडेदहाचं नवं बातमीपत्र सुरू केलं. नाव ठेवलं 'हुइर', म्हणजे 'उशीर'. ही कल्पना हेविन वॉन या नव्या साहेबांची. हेविन वॉन चाळिशीचे, तुळतुळीत, लंडनला दहा वर्षं राहून आलेले. त्यांचं म्हणणं, बातम्या सांगणाऱ्याने टेबलामागे बसायचे दिवस गेले. त्याने उभं राहायचं, फिरायचं, प्रेक्षकाशी मित्रासारखं बोलायचं. त्यासाठी त्यांनी दक्षिणेतल्या लानेथ्लीचा सत्तावीस वर्षांचा गेथिन नावाचा पोरगा निवडला.

पहिल्याच रात्री स्नूकरचा सामना लांबला आणि 'उशीर' नऊ मिनिटं उशिरा लागला.

दुसऱ्या दिवशी मेना खोलीत आली तेव्हा मशीनची टेप भरून संपली होती. शेवटचा निरोप एका माणसाच्या ओरडण्याच्या मध्येच तुटला होता. तिने आधी चहा केला, मग वही उघडली.

"नावच उशीर ठेवलंय म्हटल्यावर तक्रार करायला जागा नाही. निदान खरं तरी बोलताय."

"त्या पोराला खुर्ची का देत नाही? आमच्या चॅपेलच्या माळ्यावर वीस पडल्यात. येऊन घेऊन जा."

"टाय नाही. उद्या कोणी मोठं माणूस मेलं तर हा ती बातमी उघड्या गळ्याने सांगणार का?"

"तो सारखा इकडून तिकडे फिरतो. आमचं कुत्रं त्याच्याबरोबर मान फिरवतं. कुत्र्याची मान आखडलीय. डॉक्टरचं बिल कुठे पाठवू?"

आंग्लसी बेटावरची एक बाई फारच थंडपणे म्हणाली, "हवामानाच्या वेळी तो नकाशाला टेकून उभा राहतो. त्याचं कोपर बरोब्बर आमच्या बेटावर येतं. सगळ्या देशाला ऊन-पाऊस काय ते कळतं. आमच्याकडे फक्त कोपर."

सगळ्यात जास्त शिव्या पडल्या त्या 'आता' या शब्दाला. दक्षिणेतले लोक 'आता'ला 'नाउर' म्हणतात आणि आम्ही उत्तरेतले 'रुआन'. वेल्शमध्ये, म्हणजे रोमन लिपीत, लिहून पाहिलं तर एकाची अक्षरं उलटी केली की दुसरा होतो. पण यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत. गेथिनने वीस मिनिटांत अकरा वेळा 'नाउर' म्हटलं, आणि ते अकरा आहेत यावर सात वेगवेगळ्या घरांचं एकमत होतं.

चांगलं बोलणारा फोन अख्ख्या आठवड्यात एकच आला.

"कार्यक्रम फार सुरेख आहे. तो मुलगा तर फारच," एक बाई म्हणाली.

"वा! आपलं नाव सांगता?" मेनाने विचारलं.

"नाव कशाला हवं?"

"बरं, गाव?"

"लानेथ्ली." जरा थांबून बाई म्हणाली, "तो जेवून कामाला येतो का, एवढं विचाराल का हो? गालफडं बसलीत त्याची."

मेनाने 'आवडलं'वर खूण केली आणि वहीत लिहिलं: 'आई.'

गंमत अशी, की मेनाने स्वतः हे बातमीपत्र एकदाही पाहिलं नव्हतं. ती साडेनऊला झोपायची. पृथ्वी बुडाली असती तरी सकाळी उठून बघितलं असतं. तिचा नवरा आर्वन शाळेची बस चालवायचा. तो बातम्या लावायचा आणि सातव्या मिनिटाला खुर्चीतच घोरायला लागायचा. सकाळी लापशी खाताना तिला पहिली सात मिनिटं समजायची.

"मग पुढे काय झालं?" ती विचारायची.

"पुढे मी झालो," आर्वन म्हणायचा.

तिसऱ्या आठवड्यात इद्वल हेन्द्रेचा फोन आला. इद्वल बाला गावाजवळ मेंढ्या पाळायचा. वय सत्तर, चॅपेलच्या पंच मंडळींतला, आवाज असा की फोन नसता तरी कार्नारव्हनपर्यंत आला असता.

"मेना, अगं बये, तुमच्या त्या उशीराने माझी अब्रू घेतली!"

"काय झालं इद्वल?"

"मेंढ्यांची बातमी आली की तुम्ही बाजाराचं एकच चित्र दाखवता. कठड्याला टेकून एक माणूस उभा आहे. बघितलंस?"

"हं," मेना म्हणाली. तिने अर्थातच बघितलं नव्हतं.

"तो मी! आणि मी काय करतोय? पँटच्या मागे हात घालून खाजवतोय. अनुदानाची बातमी आली, इद्वल खाजवतोय. मेंढ्यांना रोग आला, इद्वल खाजवतोय. काल ब्रुसेल्सची बातमी होती बाई, ब्रुसेल्सची! माणसाला आयुष्यात एकदा खाज सुटली, ती तुम्ही तीन आठवड्यांत नऊ वेळा दाखवलीत. रविवारी चॅपेलमध्ये मी दानाची थाळी फिरवायला घेतली, तर लोक माझ्या हाताकडे बघतात!"

मेनाने तोंडावर रुमाल धरला आणि शब्दन् शब्द लिहून घेतला.

यातलं काहीच कार्डिफला पोचत नव्हतं. मेना दर शुक्रवारी तक्ते पाठवायची, आणि सोमवारी सगळ्या ऑफिसांना हेविन वॉनचं पत्रक यायचं. पहिल्या महिन्याच्या पत्रकात छापलं होतं: 'चौऱ्याण्णव टक्के प्रेक्षक नव्या बातमीपत्रात मनापासून गुंतले आहेत.' मेनाने फोन लावला.

"साहेब, हे चौऱ्याण्णव कुठून आले? माझ्याकडे 'आवडलं' एकच आहे, आणि ती त्याची आई आहे."

"मेना, तुम्ही फार सरळ विचार करता," हेविन वॉन मऊ आवाजात म्हणाले. "ज्याने फोन केला तो गुंतला. बाकीचे सहा टक्के राँग नंबर."

"इद्वल गुंतलाय खरा. त्याचा हात गुंतलाय."

"काय म्हणालात?"

"काही नाही. ते चित्र तेवढं बदला."

चित्र बदललं नाही.

ऑक्टोबरात गेथिन एका बातमीसाठी कार्नारव्हनला आला आणि चपलांच्या दुकानाचा जिना चढून वर आला. पडद्यावर दिसतो त्याहून बुटका, आणि खरंच गालफडं बसलेली.

"मिसेस प्यू, मला ती वही बघायची आहे," तो म्हणाला.

"कसली वही?"

"कार्डिफमध्ये सगळे म्हणतात तुमच्याकडे वही आहे. मला तर साहेब सांगतात लोक खूश आहेत. पण पेट्रोल पंपावर परवा एक म्हातारी मला म्हणाली, 'कोपर सांभाळ.' मला कळेना, कोपराला काय झालं."

मेनाने आधी डब्यातलं मांस-बटाट्याचं कालवण गरम करून त्याच्यापुढे ठेवलं. शाळेच्या स्वयंपाकघरात ती हे शिकली होती, की वाईट बातमी रिकाम्या पोटी द्यायची नाही. मग वही दिली.

गेथिन वाचायला लागला. कुत्र्याच्या मानेला हसला, कोपराशी आला तेव्हा त्याला ठसका लागला. आईच्या पानावर लाजला. मग एका पानावर थांबला. तिथे मेनाच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगा घाबरलेला असतो, म्हणून फिरतो. चुका करतो त्याही घाईने. कोणीतरी त्याला सांगा, आम्ही चावत नाही.'

"हे कोण म्हणालं?"

"मिस हाइलवेन पॅरी. बालाच्या. वय चौऱ्याऐंशी, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तुझ्या व्याकरणाच्या चुका सांगतात. ती बघ, निळ्या शाईत, सगळी पानं त्यांचीच."

आमची भाषा जरा खोडकर आहे. मागे कुठला शब्द आला त्यावर पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. गावाचं नाव 'क'ने सुरू होत असलं तरी त्या गावाला जाताना 'क'चा 'ग' होतो. गेथिन उभ्याने, चालत, मित्रासारखं बोलायच्या नादात हे सगळे बदल तुडवत जायचा.

"त्यांचा नंबर द्याल?"

"नियमात बसत नाही," मेना म्हणाली, आणि नंबर कागदावर लिहून त्याच्या कालवणाच्या वाडग्याखाली सरकवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला गेथिन मिस पॅरींना बातम्या वाचून दाखवायला लागला. मिस पॅरींनी त्याला पोरगं समजून झापलं, आणि तो सुधारला. 'नाउर' मात्र त्यांनी राहू दिलं. "मुलाची जीभ आहे, ती का कापायची?" त्या म्हणाल्या. नोव्हेंबरात एका सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन आला.

"मेना, काल एकही चूक नव्हती."

"मग छानच झालं की, मिस पॅरी."

"छान काय? आजारी आहे का तो?"

जानेवारीत हेविन वॉननी ठरवलं, की प्रेक्षकांना भेटायचं. बालाच्या चॅपेलचा हॉल घेतला, शनिवारी दुपारी तीनला. मेनाला चहाची व्यवस्था बघायला आणि टिपणं घ्यायला बोलावलं. शंभरावर माणसं आली. दारात ती कोट काढून घेत होती, आणि प्रत्येक जण तिचा आवाज ऐकून थबकायचा. "तू मेना फोन? मला वाटलं तू जाड असशील." "मी कोपरवाली, आंग्लसीची." "मी कुत्र्याचा मालक. मान बरी आहे आता." हेविन वॉन दाराशीच हात पुढे करून उभे होते; त्यांच्या हातात लोकांनी टोप्या दिल्या.

मनुका घातलेला पाव आणि चहा झाल्यावर हेविन वॉन बोलायला उठले. भिंतीवर रंगीत आकृत्या पडल्या. "आनंदाची गोष्ट ही, की चौऱ्याण्णव टक्के प्रेक्षक समाधानी आहेत," ते म्हणाले. 'गुंतलेले' तोवर 'समाधानी' झाले होते.

मधल्या रांगेतून इद्वल उठला. "मी कितव्या टक्क्यात आहे?"

"आपण?"

"ओळखलं नाहीत? थांबा, पाठमोरा होतो."

सगळा हॉल हसून लोळला. इद्वल खरंच वळायला लागला तेव्हा बायकोने त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं. तो बसल्या बसल्या ओरडला, "मेना, मी काय बोललो होतो ते तुझ्याकडे असेल. वाच ना!"

"वाच, वाच!" लोक म्हणाले.

हेविन वॉननी मेनाकडे अशा नजरेने बघितलं, की दुसरी कोणी असती तर कपबशा विसळायला निघून गेली असती. मेनालाही क्षणभर तसंच वाटलं. नोकरीची भीती तिला फारशी नव्हती, पण भिंतीला टेकून गेथिन उभा होता. ही वही मोठ्याने वाचली तर बातमीपत्र बंद पडेल आणि पोराची भाकरी जाईल, हे तिला दिसत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. गेथिनने खांदे उडवले आणि हळूच म्हणाला, "वाचा. मी वाचलंय, जिवंत आहे."

मेनाने पिशवीतून वही काढली आणि चाळीस मिनिटं वाचली. ना आवाज चढवला, ना नाटकीपणा केला. शाळेत हजेरी घेतात तसं. खुर्च्या, टाय, कुत्रं, कोपर. आपली तक्रार आली की माणूस ताठ बसायचा आणि शेजाऱ्याला कोपरखळी मारायचा. काहींना टाळ्या पडल्या. इद्वलची नऊ वेळांची खाज आली तेव्हा चॅपेलचे धर्मगुरू खुर्चीखाली काहीतरी पडल्यासारखे वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. आईचं पान मेनाने गाळलं.

वाचून झाल्यावर हेविन वॉन उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे. म्हणजे आपणा सर्वांना हे बातमीपत्र नकोच आहे. मी सोमवारी बंद करून टाकतो."

मग मिस पॅरी काठीवर भार देऊन उठल्या.

"तरुण माणसा, बंद करा असं कोण म्हणालं?"

"पण आत्ताच तर चाळीस मिनिटं—"

"आम्ही रोज बघतो म्हणून तर चुका सांगतो. न बघणाऱ्याला कोपर दिसेल का?"

"आणि बंद केलंत तर झोपायच्या आधी मी शिव्या कोणाला घालू?" इद्वल म्हणाला. "बायकोला?"

"मला घालून बघ," त्याची बायको म्हणाली.

बातमीपत्र बंद झालं नाही. गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर सभेची हकीकत आली, त्यामुळे हेविन वॉनना बंदही करता येईना आणि मेनाला काढताही येईना. तिला एक ताकीद-पत्र आलं. ते तिने आर्वनला दाखवलं. त्याने सातव्या ओळीपर्यंत वाचलं. फेब्रुवारीत नकाशा डावीकडे सरकला आणि आंग्लसीला हवामान मिळालं. गेथिनला एक उंच स्टूल मिळालं. इद्वलचं चित्र काढून त्या जागी नुसत्या मेंढ्या आल्या. पंधरा दिवसांनी इद्वलचा फोन आला, की बघायला आता मजा येत नाही.

मग गेथिनच्या डोक्यात आलं, की दर गुरुवारी बातम्यांच्या शेवटी पाच मिनिटं मेनाने वहीतलं वाचायचं. मेना म्हणाली, साडेदहाला मी झोपलेली असते. तेव्हा दुपारी दोन वाजता चपलांच्या दुकानाच्या वरच कॅमेरा लावून टिपायचं ठरलं. पहिल्या दिवशी तिने रविवारचा जांभळा स्वेटर घातला, केसांत दोन पिना जास्त लावल्या, आणि कॅमेऱ्याकडे न बघता वहीकडेच बघत वाचून टाकलं.

शुक्रवारी सकाळी पहिला फोन रेक्समच्या एका बाईचा आला. ओळखीची नव्हती.

"कालच्या उशीराबद्दल बोलायचंय. शेवटी एक बाई आणलीत ती कोण?"

"ती मेना प्यू."

"तिला कोणी सांगितलं जांभळा रंग घालायला? आणि वर बघत नाही. आम्ही काय जमिनीवर बसलोय? वाचते तर अशी, की किराण्याची यादी आहे."

"बाई, मीच मेना बोलतेय," मेना म्हणाली.



"बरं झालं, तुम्हीच भेटलात," बाई म्हणाली. "मग नीट लिहून घ्या. स्वेटर पहिला."

मेनाने पेन्सिल उचलली आणि लिहायला घेतलं. तक्त्यावर खूण करताना मात्र ती थोडी घुटमळली. मग 'आवडलं नाही'वर केली, कारण खरं तर तिलाही तो स्वेटर आवडत नव्हता. आर्वनने आणला होता.